हर्नियाचं ऑपरेशन: फुगवटा दिसल्यापासून कामावर परतेपर्यंत काय काय करायचं

आंघोळ करताना जांघेत किंवा बेंबीजवळ मऊ फुगवटा हाताला लागतो. उभं राहिलं, खोकलं की बाहेर येतो आणि आडवं झालं की आपोआप आत जातो. फारसं दुखत नाही, त्यामुळे बरेच जण महिनोन्महिने अंगावर काढतात. काही जण तर लाजेपायी घरातही बोलत नाहीत. मग एखाद्या दिवशी डॉक्टर ‘हर्निया आहे, ऑपरेशन करावं लागेल’ असं सांगतात आणि डोक्यात एकदम प्रश्नांची गर्दी होते.

ठरवून, सवडीने केलेलं हर्नियाचं ऑपरेशन हे जगभर सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ऑपरेशनांपैकी एक आहे. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पण हेच ऑपरेशन रात्री-अपरात्री, आतडं अडकल्यावर, घाईत करावं लागलं तर धोका कितीतरी वाढतो. म्हणजे निदान झाल्यापासून ऑपरेशनच्या तारखेपर्यंत जो वेळ हातात असतो, तो फार मोलाचा. तो कसा वापरायचा, हे इथे क्रमाने सांगते.

आधी समजून घ्या: नेमकं काय झालंय

पोटातल्या आतड्यांना आणि चरबीला पुढून स्नायूंची आणि त्यांवरच्या चिवट पडद्याची भिंत धरून ठेवते. या भिंतीत काही जागा मुळातच नाजूक असतात. तिथे फट पडली की आतली चरबी किंवा आतड्याचा वेढा पोटाच्या अस्तरासकट त्या फटीतून बाहेर डोकावतो. हाच हर्निया, जुन्या भाषेत अंतर्गळ.

पोटाच्या भिंतीच्या हर्नियांपैकी साधारण तीन चतुर्थांश जांघेतले असतात. पुरुषांमध्ये हे प्रमाण खूप जास्त आहे: आयुष्यभरात पुरुषांपैकी सुमारे २७ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के लोकांना जांघेतला हर्निया होतो. कारण शरीररचनेत आहे. गर्भात असताना वृषण पोटातून खाली उतरतात आणि त्यांच्या वाटेवर जांघेत एक कच्ची जागा कायमची राहून जाते. बेंबीचा हर्निया गरोदरपणानंतर किंवा वजन वाढल्यावर जास्त दिसतो. जुन्या ऑपरेशनच्या व्रणातूनही हर्निया येतो आणि त्याची दुरुस्ती सहसा जास्त मोठी असते. मांडीच्या मुळाशी, जांघेच्या घडीखाली येणारा हर्निया दिसायला लहान असला तरी अडकण्याचा धोका त्यात सर्वाधिक. तो स्त्रियांमध्ये जास्त आढळतो आणि अनेकदा ‘अवधान (जांघेतली गाठ) आलं असेल’ म्हणून दुर्लक्षिला जातो. छातीत जळजळ करणारा ‘हायटस हर्निया’ हा वेगळाच प्रकार आहे. त्याचा या लेखाशी संबंध नाही.

‘जड उचललं म्हणून झालं’ असं सरसकट म्हटलं जातं. जड उचलल्याने पोटातला दाब वाढतो हे खरं, पण जुना खोकला, रोजचं कुंथणं आणि प्रोस्टेटमुळे (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) लघवीला जोर लावावा लागणं ही कारणं तितकीच महत्त्वाची आहेत आणि ती दिवसातून अनेकदा घडतात. तंबाखूमुळे त्या पडद्याचे धागेच कमजोर होतात. ही यादी लक्षात ठेवा, कारण तयारीच्या वेळी आपण हिच्याचकडे परत येणार आहोत.

मोठ्या माणसाचा हर्निया औषधाने, व्यायामाने किंवा पट्ट्याने बुजत नाही. पट्टा फक्त फुगवटा दाबून ठेवतो. नीट न बसलेला पट्टा बाहेर आलेल्या आतड्यावरच दाब देतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. लहान बाळांचा बेंबीचा हर्निया मात्र बहुतेक वेळा चार-पाच वर्षांचं होईपर्यंत आपोआप मिटतो. बाळांच्या जांघेतला हर्निया मिटत नाही, त्याला लवकर ऑपरेशन लागतं.

धोक्याची खूण आजच पाठ करा

नेहमी आत जाणारा फुगवटा अचानक आत जाईनासा झाला, कडक झाला, हात लावू देत नाही इतका दुखू लागला, वरची कातडी लाल किंवा जांभळी दिसू लागली, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, वायू सरणं आणि शौचाला होणं बंद झालं: यातली काही लक्षणं एकत्र दिसली तर आतडं अडकलेलं असू शकतं. फटीत आवळलं गेल्याने त्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांत आतडं मरू लागतं.

अशा वेळी सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. फुगवटा जोर लावून आत ढकलायचा नाही. काही खायचं-प्यायचं नाही, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते. सरळ आपत्कालीन विभाग असलेल्या रुग्णालयात जायचं. घरातल्या निदान एका माणसाला ही लक्षणं सांगून ठेवा. त्या वेळी दुखण्याने बेजार झालेला माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसतो.

सर्जनची पहिली भेट

तपासणी साधी असते. तुम्हाला उभं करतात, जांघेवर दोन बोटं ठेवतात आणि ‘खोका’ म्हणतात. खोकताना आतून बोटांवर येणारा धक्का अनुभवी हाताला लगेच कळतो. मग आडवं झोपवून फुगवटा आत जातो का ते बघतात, आणि दुसरी बाजूही तपासतात, कारण तिथेही लहान हर्निया असू शकतो. सकाळी झोपून उठल्याउठल्या फुगवटा अनेकदा दिसत नाही. त्यामुळे घरी तो बाहेर आलेला असताना उभ्याने एक फोटो काढून ठेवा. सांगताना लाजल्यामुळे जे राहून जातं, ते फोटो सांगतो. शंका असेल तर सोनोग्राफी, क्वचित सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. स्पष्ट दिसणाऱ्या हर्नियाला मात्र दर वेळी सोनोग्राफी लागतेच असं नाही.

मग येतो कळीचा प्रश्न: ऑपरेशन आत्ताच हवं का? याचं प्रामाणिक उत्तर एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून मिळतं. जांघेतला हर्निया असलेले, पण फारसा त्रास नसलेले पुरुष दोन गटांत वाटले गेले. एका गटाचं ऑपरेशन केलं, दुसऱ्यावर फक्त लक्ष ठेवलं. २००६ साली निष्कर्ष आले. वाट पाहणाऱ्यांमध्ये हर्निया अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला दर हजारी दोनहून कमी होतं. पण दोन वर्षांतच जवळपास पाव लोकांनी त्रास वाढल्यामुळे ऑपरेशन करून घेतलं आणि दहा वर्षांनी हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला. म्हणजे त्रास नसेल तर धावपळ करायची गरज नाही, पण बहुतेकांना आज ना उद्या ऑपरेशन करावंच लागतं. मला तर वाटतं, तब्येत धडधाकट असताना, आपल्या सवडीची तारीख निवडून करून घेणं केव्हाही चांगलं.

हा वाट पाहण्याचा सल्ला सगळ्यांसाठी नाही. मांडीच्या मुळाशी असलेला हर्निया, स्त्रियांच्या जांघेतला हर्निया, आत न जाणारा किंवा वारंवार दुखणारा हर्निया यांत टाळाटाळ करू नये.

कोणत्या पद्धतीने करायचं

पॅडुआचे सर्जन एदोआर्दो बासिनी यांनी १८८७ साली आपली पद्धत मांडली आणि हर्नियाची आधुनिक शस्त्रक्रिया तिथून सुरू झाली. त्यात स्नायू ओढून टाक्यांनी शिवत. ओढून शिवल्यामुळे ताण येई, दुखे आणि बऱ्याच जणांना हर्निया पुन्हा होई. पुढे १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिख्टेन्स्टाइन यांनी फट ओढून बंद करण्याऐवजी तिच्यावर जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली. शर्टाला रफू करण्याऐवजी मागून ठिगळ लावावं, तसं हे. या जाळीच्या छिद्रांमधून शरीराचे स्वतःचे तंतू वाढतात आणि ती भिंतीचाच भाग होऊन जाते. हर्निया परत होण्याचं प्रमाण यामुळे बरंच घटलं.

आज मुख्य पर्याय दोन. पहिला उघडी शस्त्रक्रिया: जांघेत काही सेंटीमीटरचा छेद घेऊन जाळी बसवतात. ही फक्त त्या जागेला भूल देऊन, पाठीत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन करता येते. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असलेल्या वयस्कर माणसासाठी जागेपुरती भूल हा मोठाच आधार असतो. दुसरा पर्याय दुर्बिणीचा: तीन लहान छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा मोकळी करायची आणि स्नायूंच्या मागच्या बाजूने जाळी पसरायची. याला सहसा पूर्ण भूल लागते. सुरुवातीचं दुखणं कमी असतं, माणूस लवकर कामाला लागतो. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा आधी उघडी शस्त्रक्रिया होऊन तो परत आला असेल, तर दुर्बिणीचा फायदा जास्त. उलट, प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालेलं असेल तर आतून चिकटलेल्या भागामुळे उघडी पद्धत सोयीची ठरू शकते.

जाळीविषयी लोकांच्या मनात भीती असते, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. जाळी बहुधा पॉलीप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते. याच पदार्थाचे टाकेही वर्षानुवर्षं वापरात आहेत. क्वचित जाळीला जंतुसंसर्ग होतो आणि ती काढावी लागते. कुठल्याही पद्धतीने ऑपरेशन केलं तरी काही जणांना जांघेत दीर्घकाळ दुखत राहतं. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाण १० ते १२ टक्के आहे. यातल्या बहुतेकांचं काम अडत नाही, पण थोड्यांना खरोखर त्रास होतो. ऑपरेशनआधीच ज्यांना तिथे खूप दुखतं, त्यांनी हा मुद्दा सर्जनशी मोकळेपणाने बोलावा. जाळी न वापरता करायच्या पद्धतीही आहेत. कॅनडातली शोल्डाइस पद्धत त्यांत सर्वांत नावाजलेली, आणि पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी मांडलेली पद्धतही जगात काही ठिकाणी वापरली जाते. पण त्या पद्धतीचा सराव असलेला सर्जन हवा.

म्हणूनच ‘दुर्बिणीने की उघडं?’ या प्रश्नाआधी ‘तुम्ही स्वतः यातलं कोणतं ऑपरेशन नेहमी करता?’ हे विचारा. ज्या पद्धतीवर सर्जनचा हात बसलेला आहे, ती बहुधा तुमच्यासाठी चांगली. सोबत हेही विचारून घ्या: माझ्यासाठी हीच पद्धत का, भूल कोणती, किती तास किंवा दिवस राहावं लागेल, माझ्या कामाचं स्वरूप असं आहे तर परत कधी जाता येईल, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा. घरून लिहून न्या. समोर बसल्यावर निम्मे प्रश्न विसरतात.

तारीख मिळाल्यापासूनचे आठवडे

खरी मेहनत इथे आहे, आणि ती सर्जनला करता येत नाही.

सिगारेट, बिडी, तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद करा. धुरामुळे जखम उशिरा भरते, संसर्गाचा धोका वाढतो आणि भुलीनंतर खोकल्याची उबळ येते. ताज्या टाक्यांवर खोकल्याचा प्रत्येक धक्का बसतो. ठरलेल्या तारखेच्या आठवड्यात सर्दी, खोकला किंवा ताप आला तर लपवू नका. तारीख पुढे गेली तर काही बिघडत नाही, पण खोकत खोकत टेबलावर जाणं वाईट.

बद्धकोष्ठता असेल तर आत्तापासूनच भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य आणि भरपूर पाणी सुरू करा. लागलं तर डॉक्टरांकडून सौम्य रेचक घ्या. लघवीला जोर लावावा लागत असेल, रात्री वारंवार उठावं लागत असेल, तर आधी प्रोस्टेटची तपासणी करून घ्या. तसं न केल्यास ऑपरेशननंतर लघवी अडकून नळी घालावी लागण्याची शक्यता वाढते.

मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्या. साखर फार चढलेली असेल तर सर्जन थांबायला सांगतील, आणि ते बरोबरच आहे. वजन जास्त असेल तर जमेल तेवढं उतरवा. व्रणातल्या मोठ्या हर्नियाच्या बाबतीत वजनाचा परिणाम फार ठळक असतो.

औषधांची बाब जपून. तुम्ही घेता त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना दाखवा. काढे, जडीबुटी आणि ताकदीच्या गोळ्याही त्यात असू द्या, कारण त्यांतल्या काहींमुळे रक्तस्राव वाढतो. रक्त पातळ करणारी औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत आणि चालूही ठेवायची नाहीत. क्लोपिडोग्रेल आणि वॉर्फरिन साधारण पाच-सात दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन पुष्कळदा चालू ठेवतात. पण हृदयात स्टेंट किंवा कृत्रिम झडप असेल तर हृदयरोगतज्ज्ञांचा शब्द शेवटचा. मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, कारण त्यांमुळे पोट उशिरा रिकामं होतं. आधीच्या भुलीचा वाईट अनुभव, कुठल्याही औषधाची ॲलर्जी, हलणारे दात हेही त्यांनाच सांगायचं.

रक्त, लघवी, ईसीजी, लागल्यास छातीचा एक्स-रे अशा तपासण्या होतात. वय आणि इतर आजार पाहून यादी कमी-जास्त होते. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा.

घरातही थोडी व्यवस्था लागते. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा, म्हणजे वाकावं लागणार नाही. पहिले काही दिवस मूल किंवा पाण्याची बादली उचलायला दुसरं माणूस असू द्या. पहिल्या रात्री सोबत कुणीतरी हवंच.

आदला दिवस आणि ती सकाळ

आदल्या रात्री हलकं जेवण. साधारण नियम असा: हलक्या खाण्यानंतर सहा तास, तेलकट-जड जेवणानंतर आठ तास, आणि साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं. तरीही तुम्हाला लेखी दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, हे लक्षात असू द्या.

जांघेतले केस घरी ब्लेडने काढू नका. कातडीवर सूक्ष्म चिरा पडतात आणि संसर्गाला वाट मिळते. गरज असेल तर तिथले लोक क्लिपरने काढतात. सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ करा. दागिने, नेलपॉलिश, कवळी, लेन्स काढून ठेवा. सैल कमरेचे कपडे घालून जा, घट्ट नाडी किंवा पट्टा नंतर टोचतो. जांघेत पुरळ, गळू किंवा नायटा उठला असेल तर आत जाण्याआधीच दाखवा.

संमतीपत्र वाचून सही करा. बाजू कोणती, उजवी की डावी, ते त्यावर नीट लिहिलंय ना ते बघा, आणि शुद्धीत असताना सर्जनला पेनाने त्या बाजूला खूण करायला सांगा. हा आग्रह धरण्यात काहीच संकोच नको. चांगले सर्जन ही खूण स्वतःहून करतात.

ऑपरेशननंतर

एका बाजूचं साधं ऑपरेशन साधारण तासाभराचं असतं. शुद्धीवर आल्यावर पहिली लढाई पलंगावरून उठण्याची. सरळ पाठीवरून उठून बसलात तर सगळा ताण टाक्यांवर येतो. त्याऐवजी गुडघे दुमडा, न दुखणाऱ्या कुशीवर पूर्ण वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी कोपर व तळहाताच्या जोरावर धड वर उचला. क्षणभर बसून राहा, चक्कर येत नाही ना बघा, मग उभे राहा. खोकला, शिंक किंवा हसू आलं तर जखमेवर उशी किंवा तळहात घट्ट दाबून धरा. टाके तुटतील या भीतीने पडून राहू नका. त्याच दिवशी चार पावलं चालायला सुरुवात करा. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते आवश्यक आहे.

घरी जाण्याआधी लघवी झाली पाहिजे. तासन्तास होत नसेल आणि ओटीपोट तटतटलं असेल तर लगेच सांगा.

पहिले तीन-चार दिवस दुखतं. सांगितलेल्या गोळ्या वेळेवर घ्या, दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नका. जोरदार वेदनाशामकांनी शौचाला घट्ट होतं, म्हणून पाणी आणि रेचक सोबत हवं. पुरुषांमध्ये अंडकोशाला सूज येते, जांभळा-काळा रंग उतरतो. ते पाहून घाबरायला होतं, पण बहुधा ओघळलेलं रक्तच असतं आणि दोनेक आठवड्यांत शोषलं जातं. आधार देणारी आतली चड्डी घातली की बरं वाटतं. दुर्बिणीनंतर खांदा दुखणं हे आत भरलेल्या वायूमुळे, एक-दोन दिवसांत जातं. जखमेभोवती किंवा जांघेत बधिरपणा काही महिने, कधी कायमचाही राहू शकतो.

चालणं, जिने चढणं पहिल्या दिवसापासून चालतं. बैठं काम आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतं. अचानक ब्रेक जोरात दाबता येईल इतकं दुखणं कमी झालं की गाडी चालवायची. झोपाळू करणाऱ्या गोळ्या चालू असतील तोवर नाहीच. शरीरसंबंध दुखत नसेल तेव्हापासून. जड ओझं आणि व्यायामशाळेतली वजनं मात्र चार ते सहा आठवडे बाजूला ठेवा. व्रणातला मोठा हर्निया असेल तर त्याहूनही जास्त. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांनी डिस्चार्जच्या वेळीच डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्यावं, नाहीतर कामाच्या ठिकाणी दबाव येतो.

ताप, जखमेतून पू, पसरत जाणारी लाली, थांबत नसलेल्या उलट्या, एका पोटरीला सूज आणि दुखणं, धाप लागणं यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि महिन्याभरात त्याच जागी पुन्हा फुगवटा दिसला तर ‘हर्निया परत आला’ असं लगेच धरून चालू नका. हर्निया जिथून सरकवला त्या रिकाम्या जागेत पाणी साठतं. ते खोकताना वाढत नाही, झोपल्यावर आत जात नाही, आणि बहुतेक वेळा सहा-आठ आठवड्यांत आपोआप जिरतं. सुई घालून ते काढायची घाई करू नये, त्यातून जाळीपर्यंत जंतू पोचू शकतात. सर्जनला दाखवा, शंका असेल तर सोनोग्राफी होईल. तीन महिन्यांनंतरही जांघेत जळजळतं, चमक येते किंवा बसताना कळ येते असं असेल, तर ‘सहन कर’ म्हणणाऱ्याकडे न थांबता परत सर्जनकडे किंवा वेदनातज्ज्ञाकडे जा. नसेजवळ दिलेल्या इंजेक्शनापासून पुढे त्यावर बरेच उपाय आहेत.